निळं पाणी पाहून बेट निवडू नका, भाऊ

"यंदा मालदीव की अंदमान?" हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी दोंडाईच्यात कुणी विचारला असता तर लोक हसले असते. तेव्हा सुट्टी म्हणजे वणीची सप्तशृंगी, शिर्डी, फार तर तिरुपती. आता मिरची मार्केटमधले व्यापारी, झेडपीचे शिक्षक, मुलगा पुण्यात आयटीत असलेले आईबाप, सगळेच समुद्राचं बोलतात. व्हॉट्सॲपवर पॅकेजचे फोटो फिरतात. पांढरी वाळू, काचेसारखं निळं पाणी, पाण्यावर लाकडी खोल्या. खाली ओळ, हप्त्याची सोय उपलब्ध.

मला याचं वाईट वाटत नाही, उलट आनंदच आहे. आपल्या खान्देशाला समुद्र नाही. साठी ओलांडलेल्या कितीतरी आयाबायांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलाय. "माले समुद्र देखना शे" असं एखादी आजी म्हणते तेव्हा त्यात चैन नसते, राहून गेलेली गोष्ट असते. तेव्हा जरूर जा. माझं म्हणणं एवढंच की समुद्र निवडताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. पाणी किती निळं आहे ते विचारतो. विचारायला पाहिजे ते असं: पाण्याजवळ शिट्टी वाजवून आपल्याला मागे बोलावणारा माणूस उभा आहे का?

आधी या निळ्या रंगाचंच बोलू. आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र गुजरातचा. आपली तापी सारंगखेड्यावरून पुढे जाते आणि सुरतजवळ डुमसला समुद्राला मिळते. तिथलं पाणी गढूळ, मातकट दिसतं. माणसं हिरमुसतात, म्हणतात, "हा काय समुद्र?" अहो, तो गाळ नद्यांचा आहे. नर्मदा, तापी, मही या नद्या खंभातच्या आखातात आणि त्याच्या तोंडाशी गाळ आणून टाकतात. तिथली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठी, त्यामुळे तो गाळ खाली बसतच नाही. त्यात थोडी आपल्या शेतातली काळी मातीही असणार. दक्षिणेकडे कोकणात तारकर्लीपर्यंत उतरत गेलात की पाणी नितळ होत जातं.

मालदीव आणि लक्षद्वीप प्रवाळाची बेटं आहेत. तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसचंही बरंचसं तसंच. मालदीव-लक्षद्वीपला तर नदीच नाही. नदी नाही म्हणून गाळ नाही, गाळ नाही म्हणून पाणी निळं. आणि नदी नाही म्हणूनच प्यायच्या पाण्याची मारामार. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करून प्यायला देणारा प्रकल्प चालू आहे. नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. फोटोतलं सुंदर पाणी अंघोळीला आणि चहाला चालत नाही. तिथं गेलात तर बादली जपून वापरा.

दुसरा प्रश्न हंगामाचा. पॅकेज स्वस्त दिसलं की आपण उडी मारतो, पण ते स्वस्त का आहे हे विचारत नाही. 29 जून 2024 ला आपण बार्बाडोसमध्ये ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकला. रात्रभर फटाके वाजले. आणि त्याच बार्बाडोसमध्ये आपली टीम कप घेऊन हॉटेलात अडकून पडली, कारण बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला. कॅरिबियन बेटांवर जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असतो. जगज्जेत्या टीमला तिथून हलता आलं नाही, तर आपल्यासारख्या हप्त्यावर गेलेल्या माणसाचं काय?

आपल्याकडेही तसंच आहे. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मालवणकडे पर्यटकांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मे संपता संपता थांबतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. आणि आपण जातो कधी? शाळांचा निकाल लागला, लग्नसराई आटोपली, की मेच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे समुद्र खवळायला लागतो तेव्हा. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला. सुट्टी कमी मिळाली तरी चालेल, पण तेव्हाच जा.

आता बेटांचं. मालदीवला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे खरं. पण तिथली बरीच रिसॉर्ट म्हणजे एकेका बेटावर एकच हॉटेल. जेवण, होडी, पाण्याची बाटली, सगळं त्याच्याच दरानं. पॅकेजमध्ये काय धरलंय आणि काय नाही हे कागदावर लिहून घ्या. लक्षद्वीपची हवा जानेवारी 2024 मध्ये झाली. पंतप्रधान तिथं जाऊन आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी वाकडं बोललं, आणि आपल्याकडे अर्ध्या गावानं स्टेटसला लक्षद्वीप ठेवलं. त्यातले किती गेले? लक्षद्वीपची बेटं 36, त्यातल्या 10 बेटांवरच वस्ती, आणि सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. जायला परवाना लागतो, कोचीहून विमान किंवा जहाज. ते बेट आपल्या स्टेटससाठी नाही, तिथल्या माणसांसाठी आहे. त्याला गर्दी झेपणार नाही.

या तिघांत मला अंदमान बरं वाटतं. लांब आहे, पण सेल्युलर जेल मुलांना दाखवता येतं आणि राधानगर किनारा आहे. राधानगरचं नाव घेण्याचं कारण त्याची वाळू नाही. 2020 साली देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यात तो होता. हे मानांकन मिळवायला पाण्याची नियमित तपासणी लागते, स्वच्छतागृह लागतं आणि जीवरक्षक लागतो. त्या आठांत गुजरातचा शिवराजपूर होता, दीवचा घोघला होता, कर्नाटकचे दोन होते. शाळेच्या पुस्तकात ज्याचा किनारा 720 किलोमीटर लिहिलाय त्या महाराष्ट्राचा एकही नव्हता.

इथं मुद्द्यावर येतो.

1 फेब्रुवारी 2016. मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. 15 एप्रिल 2017. मालवणजवळ वायरीला बेळगावच्या सहलीतले 8 जण गेले. दोन्ही तारखा पाहा. पावसाळा नाही, वादळ नाही. आणि दोन्ही वेळी माणसं घाटावरची. कोकणातलं पोर असं सहसा बुडत नाही. त्याला ओहोटीची ओढ ठाऊक असते. बुडतो तो आपल्यासारखा, विहिरीत आणि पाटात पोहायला शिकलेला. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी पाय ओढतं, पायाखालची वाळू काढून घेतं, आणि गुडघाभर पाण्यातला माणूस दोन लाटांत गळ्यापर्यंत जातो.

गणपतीपुळ्याला मी एकदा एमएच 18 ची गाडी पाहिली. आपल्याकडचीच मंडळी. बायका नऊवारीत, हातात हात धरून साखळी केलेली, मधे नातवंडं, आणि सगळे हसत हसत आत चाललेले. त्यांना वाटत होतं साखळी धरली की सुरक्षित. समुद्रात उलटं होतं. एकाचा पाय सुटला की तो दुसऱ्याला घेऊन जातो. त्यांना थांबवलं कुणी? शहाळी विकणाऱ्या एका बाईनं. धंदा सोडून ती पाण्यापर्यंत धावली आणि ओरडली, "ओ ताई, पोरांना बाहेर काढा, ओहोटी लागलीय!" त्या बाईला त्या कामाचा पगार नव्हता. त्या वेळी आसपास दुसरं कुणी नव्हतंही.

हे काम शहाळीवालीचं आहे का? गोव्यात 2008 पासून राज्य सरकारनं 'दृष्टी' या संस्थेकडे किनारे सोपवलेत. त्यांचे जीवरक्षक मनोऱ्यावर बसतात, लाल बावटा लावतात, शिट्टी वाजवतात. आपल्याकडे हा भार बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या गळ्यात. काही गावांनी आपल्या कुवतीनं पोरं नेमलीत, त्यांनी कितीतरी जीव वाचवलेत, त्यांना सलाम. पण लाखो पर्यटक येणाऱ्या किनाऱ्याची राखण एका छोट्या ग्रामपंचायतीनं का करायची? पर्यटनाची जाहिरात राज्याची आणि बुडणाऱ्याला काढायचं काम गावाचं, हा कुठला हिशेब?

आणि आपण तिथं पोचायचं कसं, हाही प्रश्न आहे. दोंडाईचा स्टेशनवर गाडीत बसलो की ती नंदुरबार, उधना करत गुजरातेत जाते. मुंबईची गाडीसुद्धा वलसाड-वापीवरूनच जाते. म्हणून वलसाडचं तीथल आणि वापीजवळचं दमण आपल्याला एका गाडीवर आहे. दमणला आपली काही मंडळी समुद्रासाठीच जातात असं मी म्हणणार नाही. पण बाटली घेऊन पाण्यात उतरणाऱ्याला समुद्र सोडत नाही, एवढं सांगून ठेवतो. आपल्याच राज्याच्या कोकणात जायचं तर मात्र मुंबई गाठा, गाडी बदला, आणखी एक रात्र घालवा. गुजरातहून वसईमार्गे कोकण रेल्वेवर गाड्या जातातच. दिवाळीत आणि मेच्या सुरुवातीला तशी एखादी विशेष गाडी भुसावळहून नंदुरबारमार्गे सोडायला काय अडचण आहे? खान्देशातला पैसा मालदीवच्या रिसॉर्टला जाण्याऐवजी मालवणच्या एखाद्या मावशीच्या घरगुती खानावळीत जाईल. आणि आपण बरोबर नेलेली शेव-फरसाणाची पिशवीही तिथं कुणी दारात अडवणार नाही.

आपल्याच दोंडाईचाचे जयकुमार रावल 2016 ते 2019 राज्याचे पर्यटनमंत्री होते. सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार चेतक फेस्टिवल म्हणून गाजला तो त्याच काळात. म्हणजे मनावर घेतलं की होतं, हे आपण पाहिलंय. पक्ष कुठलाही असो, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे दोन गोष्टी मागा. पर्यटक जातात त्या प्रत्येक किनाऱ्यावर राज्याच्या पगारावरचा जीवरक्षक, आणि खान्देशातून कोकणात सुट्टीची गाडी. समुद्र आपल्या मतदारसंघात नाही हे कारण चालणार नाही. बुडणारी पोरं आपल्या मतदारसंघातली असतात.

तोवर स्वतःची काळजी स्वतः घ्या. जायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. कोकणातली जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात, तीच साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा काठावरच बसा. पाण्यात जायच्या आधी गावातल्या कोळ्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीतून बाहेर पडा आणि मग आत या. शाळेची सहल जात असेल तर पालकांनी सरांना एकच विचारावं, "तिथं जीवरक्षक आहे का?" उत्तर नाही असेल तर सहल किल्ल्यावर न्या.

समुद्र निळा नसला तरी चालेल. आजीला त्याच्या काठावर बसून पायावर एक लाट घेऊ द्या आणि सगळ्यांना मोजून घरी आणा.