थाई चवीचे भाजके दाणे आणि औषधालयाचा काउंटर

आयुर्वेदीय औषधांच्या अनेक दुकानांत च्यवनप्राश, आवळा कँडी व शतावरी कल्प यांच्या शेजारी अलीकडे एक नवे पाकीट दिसू लागले आहे. त्यात मीठ-साखर, लाल मिरची, लसूण आणि गवती चहाचा वास असलेले भाजके काजू किंवा शेंगदाणे असतात. पाकिटावर कोठे ‘थाई चव’ तर कोठे ‘हर्बल’ असे छापलेले असते, आणि क्वचित ‘बल्य’, ‘अग्निदीपक’ हे आपले शब्दही असतात. पदार्थ चविष्ट आहे याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच, की वैद्याच्या किंवा औषधिविक्रेत्याच्या हातून तो रुग्णाकडे कोणत्या नावाने जावा. माझ्या मते तो खाऊ म्हणून जावा, आणि शक्य असेल तेथे पाकिटाऐवजी कृतीच जावी.

मूळ पदार्थ थायलंडमधला आहे. शेंगदाणे, गवती चहाचे चिरलेले दांडे, मक्रूत नावाच्या खडबडीत सालीच्या लिंबाची पाने, वाळलेली मिरची आणि लसूण एकत्र तळून तेथे एक चुरचुरीत पदार्थ करतात. त्याला म्हणतात ‘थुआ थोत समुनफ्राय’. ‘समुनफ्राय’ म्हणजे औषधी वनस्पती. पदार्थाच्या नावातच औषधी असूनही थाई माणूस तो औषध म्हणून खात नाही. असे दाणे तेथे पुष्कळदा मद्याबरोबर चघळले जातात. आपल्याकडे ज्याला चखणा म्हणतात आणि आपल्या ग्रंथांत ज्याला उपदंश म्हटले आहे, त्याच जातीचा हा प्रकार. नावातील औषधी म्हणजे स्वाद, हा भेद तेथील सामान्य ग्राहकाला कळतो. आपल्या काउंटरवर येईपर्यंत तोच भेद पुसला जातो, हे आश्चर्य आहे.

नावांचा आणखी एक नमुना पाहा. काजूला थाई भाषेत ‘मेत मामुआंग हिम्मफान’ म्हणतात. हिम्मफान म्हणजे पुराणकथांतील हिमवंत वन. त्या वनातील आंब्याचे बी, असा अर्थ. प्रत्यक्षात काजूचे झाड ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलेले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरचीही अमेरिकेतलीच. या तिघांपैकी एकही चरक-सुश्रुतांनी पाहिलेले नव्हते. म्हणून ही द्रव्ये त्याज्य ठरत नाहीत. अनुक्त द्रव्याचा विचार रस-गुण-वीर्य-विपाकावरून कसा करावा, हे शास्त्राने आपल्याला शिकविले आहेच. परंतु ‘प्राचीन परंपरेतील’ ही अक्षरे पाकिटावर छापण्याचा अधिकार मात्र त्याने दिलेला नाही.

थाई पारंपरिक वैद्यक हे आपल्याला परके नाही. तक्षशिलेत शिकलेल्या जीवकाला ते आपला आद्य आचार्य मानते. त्यांच्या द्रव्यगुणविचारात मात्र सहा नव्हे, नऊ रस सांगितले जातात, आणि त्यांत दाणे-बियांमधील स्निग्ध चव हा एक स्वतंत्र रस गणला आहे. कंडरा व सांधे यांना तो हितकर, अंगाला ऊब देणारा, असे त्याचे कर्म सांगतात. आपण स्निग्धता हा गुण मानतो, रस मानीत नाही. द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी या फरकावर जरूर विचार करावा. काजू जिभेवर ठेवला असता जे जाणवते ते केवळ ‘मधुर’ या शब्दात मावते काय? मला तो प्रश्न मोकळा वाटतो. एवढे मात्र खरे, की ‘थाई आणि आयुर्वेद एकच’ असे म्हणून ग्राहकाची समजूत काढणाऱ्या विक्रेत्याने या दोहोंपैकी एकाही शास्त्राचा अभ्यास केलेला नसतो.

आता पदार्थाच्या गुणांकडे वळू. चरकाने अन्नपानविधी अध्यायात बदाम, अक्रोड, पिस्ता यांच्या वर्गाला गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल्य, वातघ्न आणि कफपित्तकर म्हटले आहे. काजू व शेंगदाणा यांचा विचार बहुतांशी याच दिशेने करावा लागतो. गुरु द्रव्यास मिरची, लसूण, गवती चहा यांची जोड दिल्याने रुची वाढते, लाळ सुटते, अग्नीला थोडे चेतन मिळते. संस्कार व संयोग या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे, यात शंका नाही. घोटाळा होतो तो मात्रेत. गोड, खारट व तिखट एकत्र आले की हात थांबत नाही. ज्या दीपनामुळे गुरु द्रव्य पचावे, त्याच दीपनामुळे ते दुप्पट खाल्ले जाते! गुरु अन्न तृप्तीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत किंवा फार तर निम्म्यापर्यंत घ्यावे, हे आपण रुग्णांना नेहमी सांगतो. दोनशे ग्रॅमचे पाकीट फोडून दूरदर्शनसमोर बसलेल्या माणसाला निम्मी तृप्ती कशी कळावी? आधुनिक परिभाषेत सांगायचे तर शंभर ग्रॅम काजूत सुमारे ५५० आणि शेंगदाण्यात त्याहून थोडे अधिक किलोकॅलरी असतात. गूळ-साखरेचे आवरण निराळे. म्हणजे ते पाकीट संपले की एका जेवणाहून अधिक ऐवज पोटात गेला, आणि वर रात्रीचे जेवण व्हायचेच असते. हे अध्यशन आहे. मेदोवृद्धी व प्रमेहाचे जे रुग्ण ‘मी तर बिस्कीट सोडून सुकामेवा खातो’ असे सांगतात, त्यांची विचारपूस करताना हे पाकीट पुष्कळदा बाहेर येते.

मध हा यापुढचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर. या पदार्थाच्या अनेक आवृत्त्यांत दाण्यांना मध चोळून ते भट्टीत भाजतात आणि ‘मधयुक्त’ हे शब्द पाकिटावर ठळक छापतात. उष्ण मधाचा निषेध आपल्या संहितांनी किती निःसंदिग्धपणे केला आहे, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. वाग्भटाने वमन व निरूहात अपवाद केला तोही मध न पचता बाहेर पडतो म्हणून. मध तापविला असता त्यातील हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्यूरलचे प्रमाण वाढते, हे आधुनिक रसायनशास्त्र सांगते. तथापि तेच द्रव्य साखर तापविली तरी तयार होते, सबब तेवढ्यावरून उष्ण मधाचे विषत्व सिद्ध झाले असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. मी तसे म्हणत नाही. माझे म्हणणे साधे आहे. ज्यास या निषेधावर विश्वास नाही त्याने मध घालून भाजलेले काजू मिठाईच्या दुकानात खुशाल विकावेत. परंतु ज्या दुकानाच्या पाटीवर धन्वंतरीचे चित्र आहे, तेथे एका हाताने ‘मध कोमट पाण्यातही नको’ असे सांगायचे आणि दुसऱ्या हाताने दीडशे अंशांवर भाजलेला मध द्यायचा, हे ग्राहक पाहतो आणि लक्षातही ठेवतो.

थाई स्वयंपाकात मिठाऐवजी पुष्कळ ठिकाणी माशांपासून आंबविलेला खारट द्रव, ‘नाम प्ला’, वापरतात. परदेशी कृतीवरून केलेल्या काही मिश्रणांत तो असतो. शाकाहारी रुग्णाला हे आधी सांगितलेच पाहिजे. शिवाय जलचर मांसाचा मध व गुळाशी संयोग चरकाने विरुद्धाहारात मोजला आहे. मात्र चरकानेच पुढे सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य व व्यायाम यांमुळे विरुद्धही बाधत नाही असे म्हटले आहे. थाई माणसाला हा संयोग पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य आहे. त्याच्या ताटाला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या रुग्णाला तो सात्म्य आहे काय, एवढाच आपला प्रश्न.

काही उत्साही मित्र यावर उपाय सुचवितात, की मिरचीच्या जागी पिंपळी घाला आणि पदार्थ ‘आयुर्वेदीय’ करून टाका. मला ही सूचना पसंत नाही. एक तर पदार्थाची चव जाते. दुसरे, पिप्पली, क्षार व लवण या तिघांचाच अतियोग टाळण्यास चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. रोज चघळायच्या खाऊत त्यांपैकी दोन एकत्र आणणे ही कोणती शास्त्रसेवा?

घरी करण्याची रीत मी रुग्णांना सांगतो ती अशी. पाव किलो साधे, न खारवलेले काजू किंवा शेंगदाणे मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत सतत हलवीत दहा-बारा मिनिटे भाजावेत. गवती चहाची पाने आपण चहात घालतो. येथे पाने नकोत, मुळाजवळचा पांढरा, कोवळा दांडा हवा. असे दोन दांडे अगदी पातळ चकत्या करून, आठ-दहा लसूण पाकळ्यांचे काप, चार-पाच सुक्या मिरच्या आणि लिंबाची सहा-सात कोवळी पाने बारीक चिरून घ्यावीत. मक्रूतची पाने मिळाली तर उत्तम, न मिळाल्यास आपल्या कागदी लिंबाची चालतात, वास थोडा निराळा येतो. ही सर्व द्रव्ये थोड्या तेलात वेगवेगळी तळावीत, कारण प्रत्येकातील जलांश वेगळा. बुडबुडे शांत झाले की पाणी गेले असे समजून काढावे. तैलपाकात फेस येणे हे सिद्धीचे लक्षण, येथे फेस जाणे हे. हा पाक नव्हे, तळण आहे, हे वैद्यांनी ध्यानात ठेवावे! नंतर दोन चहाचे चमचे गूळ व एक चमचा पाणी कढईत विरघळवून त्यात दाणे घोळवावेत आणि आवरण कोरडे होईपर्यंत परतावेत. थायलंडमध्ये ताडाचा किंवा माडाचा गूळ वापरतात. कोकण-गोव्यातील वाचकांना माडाचा गूळ सहज मिळेल. शेवटी बेताचे मीठ आणि तळलेली द्रव्ये मिसळावीत. लिंबाचा रस घालू नये, आवरण चिकट होते. आंबट गंधाचे काम पानेच करतात. पूर्ण निवल्यावरच काचेच्या बरणीत भरावे, अन्यथा वाफेने सारे मऊ पडते.

मात्रा म्हणाल तर प्रौढास लहान मूठभर, म्हणजे सुमारे पंचवीस-तीस ग्रॅम, तेही जेवणावर नव्हे तर पूर्वीचे अन्न पचून भूक लागल्यावर. हेमंत-शिशिरात, कृश, वातप्रकृती, श्रम करणाऱ्या तरुणाला हा पदार्थ मी आनंदाने सुचवितो. अम्लपित्त, अर्श, मुखपाक असलेल्यांस, तसेच ग्रीष्मात व शरदात, तो टाळावा. उच्च रक्तदाब असल्यास मीठ वगळावे. लहान बालकांना अख्खे दाणे देऊच नयेत, ते श्वासमार्गात अडकतात. शेंगदाणा किंवा काजू यांचे वावडे असणाऱ्यास एक दाणाही घातक ठरू शकतो, हे विचारल्यावाचून पाकीट हाती देऊ नये.

औषधिविक्रेत्या बंधूंसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. आयुर्वेदीय औषधे विकण्यास आज वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून खाद्यपदार्थालाही लागत नाही असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. खाद्यपदार्थ ठेवायचा तर अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना हवा. दुसरे, ‘आयुर्वेद आहार’ या नावासाठी २०२२ पासून स्वतंत्र विनियम आहेत आणि त्यांत पदार्थाचा आधार अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत दाखवावा लागतो. थाई चवीच्या काजूला तो आधार कोठून आणणार? एका घाऊक विक्रेत्याने अशी पाकिटे मला दाखविली तेव्हा मागील बाजूस ‘मधुमेहींसाठी योग्य’ अशी चिठ्ठी चिकटविलेली होती आणि तिच्याखाली छापलेल्या घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर होती. यादीतील क्रम वजनाच्या उतरत्या प्रमाणात असतो, एवढे वाचून घेण्यास दुकानदाराला अर्धे मिनिट पुरते.

पाकिटे ठेवायचीच असतील तर ती औषधांच्या फळीवर नकोत. राजगिरा लाडू, शेंगदाणा चिक्की यांच्या ओळीत ठेवावीत. लहान, तीस-चाळीस ग्रॅमची मागवावीत. शेंगदाण्याची पाकिटे पावसाळ्यात फार दिवस साठवू नयेत, कारण दमट हवेत धरणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष साध्या भाजण्याने नष्ट होत नाही आणि तिखट-गोड आवरणाखाली कुबट वासही कळत नाही. घरी करणाऱ्यांनाही हेच सांगावे: भाजण्यापूर्वी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे दाणे निवडून टाकावेत, आणि केलेला खाऊ दहा-पंधरा दिवसांत संपवावा.