वीज कुठं पडली ते कळतं, पण इशारा जिल्ह्याच्या मापानं येतो

बेळगाव : वळवाचे दिवस आले, की चंदगड-खानापूर पट्ट्यात सगळ्यांची नजर दुपारनंतर आभाळाकडं लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जणांचा जीव गेला. पूर किंवा वादळाच्या बळींसारखी या मृत्यूंची मोठी बातमी होत नाही, कारण माणसं एकेकटी, शेतात किंवा झाडाखाली जातात.

वीज टिपायची यंत्रणा आपल्याकडं आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं २०१४ मध्ये महाराष्ट्रातून सेन्सरचं जाळं उभारायला सुरुवात केली, पुढं ते देशभर पसरलं. ‘दामिनी’ ॲप त्यावरच चालतं. वीज चमकली की तिच्या रेडिओ लहरी वेगवेगळ्या सेन्सरपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतात आणि त्या फरकावरून जागा काढली जाते. इथं घड्याळ फार काटेकोर लागतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर लहरीनं कापलेल्या अंतराच्या हिशेबात तीनशे मीटरचा फरक पडतो. सेन्सर विरळ असतील तर अंदाज आणखी ढळतो आणि कमजोर विजा सुटून जातात.

खरी मेख या कमजोर विजांतच आहे. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच कडाडतात आणि जमिनीवर पहिली वीज पडण्याआधी बऱ्याचदा काही मिनिटं त्या सुरू झालेल्या असतात. त्या नीट टिपल्या तर रानातल्या माणसाला घर गाठायला वेळ मिळतो. जमिनीवर पडलेली वीज कितीही अचूक मोजली, तरी ती झाल्यावरची नोंद. म्हणून सेन्सर वाढवायचे तर ते ढगातल्या विजा पकडण्यासाठी दाट हवेत. नकाशावर ठिपके वाढले एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही.

दुसरी अडचण इशाऱ्याच्या मापाची. हवामान खात्याचा रोजचा इशारा जिल्ह्यापुरता असतो. बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा. खानापूरचं घाटातलं जंगल आणि अथणीचं कोरडं माळरान एकाच पिवळ्या रंगात दाखवलं, तर शेतकरी तो इशारा मनावर घेईलच असं नाही. चार वेळा कोरडा गेला की पाचव्यांदा कोण बघतो?

त्यात ही सरहद्द. कर्नाटकचं ‘सिडिलु’ नावाचं वेगळं ॲप आहे, आणि मोबाईलवरचे इशारे त्या-त्या राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत जातात. चंदगडवर गरजणारा ढग अर्ध्या तासात बेळगाव तालुक्यात उतरू शकतो. तेव्हा इशारा ढगाच्या वाटेवरच्या मोबाईल टॉवरवरून जायला हवा, मग टॉवर कुठल्याही राज्यातला असो. भाषेचंही तेच. खानापूरच्या मराठी गावात तो मराठीतही यावा आणि जतच्या कन्नड वस्तीत कन्नडमध्येही. वेगवेगळ्या भाषांत संदेश पाठवायची सोय ‘सचेत’ यंत्रणेत आहे. त्यासाठी नवा सेन्सर लागत नाही, दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून गावांची यादी करायला हवी.