आस्वादाचे बळ

सुखाचा विचार आपण बहुधा भविष्यकाळात करतो. घर बांधून झाले, मुले मार्गी लागली, की मग निवांत जगू, असे म्हणत वर्षे सरतात. छत्तीसगडमधील दुर्ग-राजनांदगाव लोहमार्गावरील रसमडा हा औद्योगिक परिसर. येथील कामगाराचा दिवस कारखान्याच्या पाळीने बांधलेला असतो. त्याने सुखासाठी वेगळा वेळ कोठून आणावा? माझ्या मते तो आणावा लागत नाही. हाती असलेल्या क्षणाकडे लक्ष मात्र द्यावे लागते.

रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, म्हणजे छत्तीसगडची ‘बासी’, उन्हाळ्यात कांद्यासोबत खातात. तो घास घाईने गिळला तर केवळ पोट भरते. त्याचा गारवा अनुभवत खाल्ला तर मनही निवते. फ्रेड ब्रायंट व जोसेफ वेरॉफ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा आस्वादाचे विवेचन केले आहे. आनंदाची वाट पाहणे, त्यात रमणे आणि पुढे तो आठवणे, अशा तिन्ही काळांत आस्वाद घेता येतो. एकच घास तीनदा सुखावतो, तो असा.

अर्थात, अपुरी मजुरी किंवा कारखान्याचा धूर मुकाट्याने सोसावा, यासाठी आस्वादाचा उपदेश कोणी करू नये. खिन्नता सरतच नसेल, तर उपचारच हवेत. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर त्यासाठीच आहे. परंतु रोज झिजणाऱ्या मनाला रोजच पोषणही हवे. ते निवृत्तीपर्यंत लांबणीवर टाकणे कोणालाच परवडणारे नाही.