गिऱ्हाईकाची वही कोणाच्या हातात?



२००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना आणली. पाट्या लागल्या, फिती कापल्या. पण कापूस कोणाला विकला, ज्वारी कोणी उचलली, पैसे कोणाकडे अडकले, हे विचारून पाहा. व्यवस्थापक लॅपटॉप उघडतो आणि एक्सेलची फाईल दाखवतो. फाईलचे नाव 'गिऱ्हाईक नवी अंतिम ३'. म्हणजे अंतिम १ आणि २ सुद्धा कुठेतरी आहेतच.

'चालतंय की' असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

अडत्याला आपण शिव्या देतो, त्या त्याने कमावलेल्या आहेत. पण त्याची पेढी बघा. रोजकीर्द वेगळी, खातेवही वेगळी, आणि एका गिऱ्हाईकाचे एकच खाते. डेटाबेस म्हणजे तरी काय? गिऱ्हाईकाचे नाव-पत्ता एकदाच लिहायचा, त्याला एक क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक विक्री, प्रत्येक जमा त्या क्रमांकाला बांधायची. १९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकाने ही मांडणी शास्त्रशुद्ध केली. पेढीवरच्या दिवाणजीला तिचे मर्म आधीपासून ठाऊक होते.

एक्सेल हा आखीव कागद आहे. त्यावर काहीही लिहा, तो अडवत नाही. एकच जिनिंगवाला एका ओळीत जिनिंगच्या नावाने, दुसरीत स्वतःच्या, तिसरीत मुलाच्या नावाने बसतो. तिन्हीकडे बाकी थोडीथोडी दिसते, म्हणून चौथ्यांदा कापूस उधार जातो. एक रकाना तेवढा उलटसुलट लावला की एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर! सभासदांची यादीही त्याच फायलीत. रकाना आधी मजकुराचा ठरवला नसेल, तर गट क्रमांक ५/२ ची एक्सेल तारीख करून टाकते, बँक खात्याच्या सुरुवातीचे शून्य गिळते, सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य करते. मग चुकारा अडतो आणि शेतकरी बँकेच्या पायऱ्या झिजवतो.

खेड्यातली माणसे अडाणी म्हणून असे होते, असे कोणी साहेब म्हणतील. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने करोनाची माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलींतून गोळा केली. त्या फायलीत ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढची माहिती मुकाट गळाली आणि १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत.

पन्नास गिऱ्हाइके आणि लिहिणारा एकच हात असेल, तर एक्सेल पुरते. साधी वहीही पुरते. पण दोन माणसे नोंदी करू लागली, उधारी सुरू झाली, की डेटाबेसच हवा. एक्सेल मग त्यातून काढलेले आकडे मांडायला ठेवा.

याचा वास लागताच विकणारे दारात येतील. 'अ‍ॅप फुकट, माहिती आमच्याकडे सुरक्षित.' फुकटच्या बियाण्याला भुलायचे नाही, हे आपल्याला कळते. आपला कापूस कोण, किती, कोणत्या भावाने घेतो ही यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती आपला धंदा. सगळी माहिती हव्या त्या दिवशी बाहेर काढून घेता आली पाहिजे, हे करारात लिहून घ्या. भाव किंवा बाकी कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहिली पाहिजे. ती आपोआप होत नाही, बनवणाऱ्याकडून करून घ्यावी लागते. मारियाडीबी, एसक्यूलाइट हे डेटाबेस तर विनामूल्य आहेत. खर्च येतो तो ते बसवून, शिकवून देणाऱ्या माणसाचा, आणि तो आपल्या गावची बारावी झालेली मुलगीही शिकून करू शकते.

येत्या बैठकीला प्रत्येक कंपनीने गिऱ्हाइकांची यादी छापून आणावी. एकाच माणसाची दोन-तीन नावे किती, ते तिथेच मोजू. आणि संचालकांनी निघण्यापूर्वी व्यवस्थापकाला विचारावे : गेल्या हंगामातल्या कापसाची बाकी कोणाकडे किती, सांग.