हृदय थकले, पाऊल थांबवू नका

‘हार्ट फेल’ म्हटले की घरचे माणसाला खाटेवरच बसवतात. पण हृदय बंद पडलेले नसते. त्याची रक्त ढकलण्याची ताकद घटलेली असते. नुसते पडून राहिल्याने हातपायही दुबळे होतात. आम्ही सांगतो, तब्येत स्थिरावल्यावर डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर ५ मिनिटे चालावे, वेळ हळूहळू वाढवावा. चालताना बोलता आले पाहिजे. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे. बरे न वाटल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. रोज सकाळी वजन करावे. ३ दिवसांत २ किलो वाढले किंवा पाय सुजले तर डॉक्टरांना दाखवावे.

चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. आम्हांला येथेही तोच मध्यम मार्ग दिसतो.