सोपी जोडी, दाटलेली पेशी

बार्नेझ हे बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स या जीवाणूचे आरएनए तोडणारे विकर, तर बार्स्टार हा त्याच जीवाणूने बाळगलेला त्याचा प्रतिबंधक. एकाच्या क्रियास्थळाभोवती धन प्रभारांची गर्दी, दुसऱ्याच्या जुळणाऱ्या पृष्ठावर ऋण प्रभारांची. त्यामुळे दोघांचा संयोग विलक्षण जलद होतो. मीठ वाढवले की संयोगाचा वेग कोसळतो, वियोगाचा फारसा हलत नाही, हे श्रायबर आणि फर्श्ट यांनी १९९६ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी गॅबडुलिन आणि वेड यांनी ब्राउनियन डायनॅमिक्सने तोच कल संगणकावर मिळवला.

तेव्हापासून प्रभारांचे गणित करणाऱ्या नव्या पद्धती या जोडीवर पारखल्या जातात. पण प्रभार इतके ठळक असले की ढोबळ प्रारूपही उत्तीर्ण होते.

पेशीत असे सोपे काही नसते. १५० मिलिमोलर क्षारात डिबाय लांबी जेमतेम ०.८ नॅनोमीटर, त्यापलीकडे प्रभाराचा प्रभाव झपाट्याने विरतो. तरी तो नगण्य ठरत नाही, कारण ई. कोलायच्या पेशीद्रवात दर लिटरला ३०० ते ४०० ग्रॅम महारेणू कोंबलेले असतात आणि शेजारी तेवढ्याच अंतरावर असतो. २०१७ मध्ये पूलमन यांच्या गटाने हिरव्या दीप्तिमान प्रथिनाचे प्रभार बदलून पाहिले. ऋण प्रभाराचे रूप मोकळे फिरले; तीव्र धन प्रभाराचे रूप रायबोसोमांना चिकटून सुमारे शंभरपट मंदावले. दोनच प्रथिनांच्या गणितात रायबोसोम नसतोच, म्हणून हा परिणाम त्यातून निघणे शक्य नव्हते.

मॅकगफी आणि एलकॉक यांनी २०१० मध्ये ५० प्रकारच्या महारेणूंचा पेशीद्रव संगणकावर उभा केला. केवळ आकारमानाची अडवणूक धरली तर विसरण प्रत्यक्षाहून जलद निघाले. लघुपल्ल्याचे आकर्षण जोडल्यावरच मेळ बसला. प्रभारांना सगळे श्रेय देणाऱ्यांनी हा निष्कर्ष विसरू नये.

प्रभारांचा हा प्रभाव मोजणाऱ्या पॉइसॉन-बोल्ट्झमान समीकरणाच्या वापरात खरी गोम निविष्टींत असते. हिस्टिडीनचा पीकेए उदासीन पीएचच्या जवळच असतो. एखादा प्रोटॉन जोडला गेला किंवा सुटला की निव्वळ प्रभार बदलतो. प्रथिनाच्या अंतर्भागाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक कोणी ४ धरतो, कोणी २०, आणि आंतरक्रियेची ऊर्जा त्यानुसार हलते. शोधनिबंधात ही निवड पूरक माहितीत दडवलेली आढळते. तिची जागा मुख्य मजकुरात, दोन्ही मूल्यांच्या निकालांसह आहे. आरएनएजवळ, मॅग्नेशियमसारख्या बहुसंयुजी आयनांच्या सान्निध्यात, हे समीकरण आयनांचे परस्परसंबंध वगळत असल्याने कमी पडते. तेथे अणुस्तरीय सिम्युलेशनच हवे. मात्र दहा कोटींहून अधिक अणूंच्या पेशीद्रवासाठी त्याचा कालपल्ला नॅनोसेकंदांपुरताच राहिला आहे.