मुकी पात्रे, बहिरे लेखक

पात्र सुचत नसेल तर टॅरोचे पत्ते ओढा, असा सल्ला हल्ली नवोदित कथाकारांना मिळतो. त्यासाठी दाखला म्हणून इतालो काल्व्हिनोच्या ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’चे (१९७३) नाव घेतले जाते. पण त्या कादंबरीतील प्रवाशांची वाचाच गेलेली आहे. म्हणून ते पत्त्यांतून बोलतात.

आपली माणसे मुकी नाहीत. शिरवळच्या एस.टी. स्थानकावर तासभर बसावे. नीरेच्या पाण्याविषयी, कारखान्यांसाठी गेलेल्या जमिनींविषयी प्रत्येकाच्या बोलण्यातून एकेक पात्र उभे राहते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ अशाच ऐकण्यातून आली. ७८ पत्ते पात्राला नशीब देतील. बोली, जात आणि पोटाची विवंचना देणार नाहीत.

वाचा पात्रांची गेलेली नाही; कान लेखकाचे गेले आहेत.